कंबरेला पट्टा बांधण्याआधी सीटचं पंक्चर काढा



आजचा लेख कंबरदुखीवर आहे, पण त्यात गोळ्यांची नावं सापडणार नाहीत. आजचा विषय आहे गाडीची सीट, आणि त्यातही सीटच्या पाठीत लपलेली एक हवेची पिशवी. ‘डॉक्टरांनी आता गॅरेज उघडलं वाटतं’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आधी माझं म्हणणं तेवढं ऐकून घ्या.

म्हणणं साधं आहे. ज्यांची कंबर गाडी चालवतानाच दुखते, त्यांनी पट्टा, गादी आणि एमआरआय यांवर पैसे घालवण्याआधी रोज दोन-तीन तास ज्या सीटवर बसतात ती सीट तपासावी. तिच्यातला कंबरेचा आधार बिघडला असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा. त्याच्या जागी फोम कोंबू नये, वर उशी बांधू नये, आणि ‘ते फीचर तसंही कोण वापरतं’ म्हणून सोडूनही देऊ नये.

हे उमरोळीत का लिहावं लागतं?

उमरोळी म्हणजे पालघर आणि बोईसर यांच्यामधलं स्टेशन. इथली बरीच मंडळी लोकलने जातात. पण तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्या, मुंबईतल्या बैठका, वापी-सुरतच्या फेऱ्या हे सगळं लोकलच्या वेळापत्रकात बसत नाही. मग गाडी निघते. पालघरहून मनोरला किंवा बोईसरहून चिल्हार फाट्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ पकडायचा आणि मुंबईकडे वळायचं. रस्ता मोकळा असेल तर ठीक. घोडबंदरच्या आसपास कोंडी लागली की पाऊण-एक तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. असा माणूस घरी उतरताना आधी दार धरतो, मग हळूच एक पाय बाहेर काढतो आणि वाकलेल्या कंबरेनेच दहा पावलं चालतो. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी उभे राहा, दिसेल.

गेल्या काही वर्षांत यात एक नवा गट आला आहे. मुंबईतून दहा-पंधरा-वीस वर्षं जुनी, एके काळी फार महाग असलेली जर्मन किंवा जपानी गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. हौशी माणूस ती घेतो. दोन दारांची स्पोर्ट्स कार असली तर मग बघायलाच नको. हौस वाईट नाही. पण अशा गाडीची सीट खोल, कडेने आवळणारी आणि जमिनीलगत असते. त्या सीटच्या कंबरेतला आधार हा तिच्या रचनेचा भाग असतो. आधार गेला की उरतो तो नुसता खड्डा. त्या खड्ड्यात बसून शंभर किलोमीटर गाडी हाकणारे लोक नंतर दवाखान्यात येतात.

कंबरेचा बाक आणि सीटचा आधार

आपल्या कंबरेत पाच मणके आहेत. उभं राहिल्यावर तिथे पाठ आतल्या बाजूला वळलेली असते. हा बाक जन्मजात दोष नाही, ती शरीराची रचना आहे. आपण बसतो तेव्हा ओटीपोटाचं हाड, म्हणजे श्रोणी, मागे कलते. पाय पुढे लांबवले, जसे गाडीत पेडलसाठी लांबवावे लागतात, की मांडीच्या मागचे स्नायू तिला आणखी मागे ओढतात. बाक सपाट होतो. कधीकधी उलटा होतो. मणक्यांमधली चकती पुढून दाबली जाते, मागून ताणली जाते आणि मागचे अस्थिबंध ताणलेल्या दोरीसारखे तासन् तास तसेच राहतात.

सीटच्या पाठीत, पँटच्या पट्ट्याच्या रेषेत किंवा किंचित वर, एक छोटा फुगवटा दिला की श्रोणी मागे कलायची थांबते आणि बाक काही अंशी टिकतो. यालाच लंबर सपोर्ट म्हणतात. बऱ्याच गाड्यांत तो आतल्या पट्टीने पुढे-मागे होतो, बाजूला फिरवायची कळ असते. जुन्या स्पोर्ट्स कार आणि आलिशान गाड्यांत मात्र हे काम हवेच्या पिशवीवर सोपवलं होतं. १९८०च्या दशकातल्या टोयोटा सेलिका सुप्रामध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा होता. त्याच दशकातल्या शेव्हरोले कॉर्वेटच्या स्पोर्ट सीटमध्ये हवेच्या पिशव्या आणि त्यांना हवा देणारा विजेचा पंप होता. मर्सिडीजच्या ज्या पिढीच्या गाड्यांची जुळवणी १९९५ साली पिंपरीत सुरू झाली, त्या पिढीलाही परदेशात हवेच्या कप्प्यांची सीट ऐच्छिक मिळत असे.

हवाच का? कारण प्रत्येकाच्या कंबरेचा बाक वेगळा. पाच फूट दोन इंचांच्या बाईला आणि सहा फुटी माणसाला एकच ठोकळा चालत नाही. हवा कमी-जास्त करता येते. शिवाय दोन तासांच्या प्रवासात मध्येच थोडी सोडता येते, थोडी भरता येते, म्हणजे एकाच ठिकाणी सतत दाब राहत नाही. फोमच्या उशीला हे जमत नाही.

हे यंत्र तुम्ही शंभर वेळा पाहिलं आहे

माझ्या टेबलावरचं बीपीचं यंत्र आठवा. दंडावर गुंडाळायच्या कफमध्ये एक रबरी पिशवी असते. तिला नळी जोडलेली. नळीच्या टोकाला हाताने दाबायचा फुगा. फुग्याच्या शेपटीकडे एक झडप, जी हवा आत घेते पण बाहेर जाऊ देत नाही. आणि एक स्क्रू, जो सैल केला की हवा फुस्स करून निघून जाते.

हाताने हवा भरायचा लंबर सपोर्ट म्हणजे नेमकं हेच, फक्त पिशवी दंडावर नसून तुमच्या कंबरेमागे. विजेच्या पंपाचा असेल तर फुग्याच्या जागी छोटी मोटर आणि स्क्रूच्या जागी विजेची झडप.

आता विचार करा. बीपीच्या यंत्रातून हवा गळायला लागली तर कुठला डॉक्टर पेशंटला म्हणेल, ‘तुमच्या दंडात दोष आहे, दंडाचा एमआरआय करून आणा’? तो नळी बदलेल, फुगा बदलेल, पिशवी बदलेल. तास-दोन तासांचं काम. मग सीटमधली तीच पिशवी गळाली तर पेशंटच्या कंबरेत दोष शोधायला का निघायचं?

पैसा कुठे जातो ते बघा

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बोईसरला नोकरी, पंचेचाळिशीच्या आसपासचे गृहस्थ. हौसेने जुनी दोन दारांची गाडी घेतलेली. चार महिन्यांपासून कंबर दुखते, पण गंमत अशी की रविवारी दुखत नाही. गावी सात दिवस राहिले, शेतात वाकून काम केलं, तेव्हाही दुखली नाही. सोमवारी महामार्गावर गाडी चालवली की मंगळवारी सकाळी कंबर धरलेली.

माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी कंबरपट्टा घेतला होता. मण्यांची गादी घेतली होती. तिच्यावर आणखी एक जाळीचा आधार लावला होता. रेक्झिनचं जाड सीट कव्हर शिवून घेतलं होतं. एमआरआय झाला होता, आणि त्यात ‘एल ४-एल ५ आणि एल ५-एस १ चकत्यांना फुगवटा’ असं लिहून आलं होतं. त्या ओळीने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी भावाला फोन करून विचारलं होतं की ऑपरेशनसाठी मुंबईला कुठे जावं.

मी तपासलं. पायात ताकद पूर्ण, संवेदना पूर्ण, पाय सरळ उचलल्यावर कळ नाही. मग विचारलं, ‘सीटला कंबरेचा आधार आहे का?’

‘बटण आहे सर. दाबलं की घूं घूं आवाज येतो. बाकी काही होत नाही.’

‘कधीपासून?’

‘घेतली तेव्हापासूनच. विकणारा म्हणाला, हे फीचर कोणी वापरत नाही.’

‘आणि म्युझिक सिस्टीम?’

‘ती बंद होती. पहिल्याच आठवड्यात नवीन बसवली.’

माझा राग या ठिकाणी आहे. गाडीतला आवाज गेला तर आठवड्यात दुरुस्ती. एसी गेला तर त्याच दिवशी. काचेवर ओरखडा आला तर पॉलिश. आणि ज्या एका भागाचा तुमच्या पाठीच्या कण्याशी थेट संबंध, तो बंद असला तर ‘असू दे’. वर त्याच कण्यासाठी हजारो रुपये बाहेर. त्यांच्या सीटमध्ये शेवटी निघालं काय, तर पिशवीच्या तोंडावरून निसटलेली, कडक होऊन चिरलेली एक नळी.

नळी बसवून त्यांचा प्रश्न जादूने सुटला असं मी म्हणणार नाही. त्यांना चालायला सांगितलं, व्यायाम दिले, प्रवासात थांबायला लावलं. दोन महिन्यांत दुखणं बरंच उतरलं. त्यात नळीचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. पण नळी तशीच ठेवून नुसते व्यायाम देणं म्हणजे वर छप्पर गळत असताना खाली फरशी पुसत बसणं.

पट्टा, गादी, एमआरआय: एकेकाचा हिशेब

पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कंबरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलं आहे. इंग्लंडच्या नाईस या संस्थेनेही २०१६ साली तेच सांगितलं होतं. तरी आपल्याकडे कंबर दुखली की पहिली खरेदी पट्ट्याची. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर पट्ट्याला कारण असतं, ती गोष्ट वेगळी. बसून गाडी चालवताना तर पट्टा पोटात रुततो, वर सरकतो आणि सीटचा खड्डा आहे तिथेच राहतो.

गादी. गादी कायम वाईट नसते. ज्या गाडीत आधारच नाही, तिथे गुंडाळलेला टॉवेलही उपयोगी. पण स्पोर्ट्स कारच्या खोल सीटमध्ये गादीवर गादी चढली की माणूस पुढे ढकलला जातो. मांड्यांचा आधार कमी होतो, डोकं हेडरेस्टपासून लांब जातं. मागून धडक बसली तर मानेला बसणारा झटका हेडरेस्ट जवळ असेल तरच आवरला जातो. म्हणजे कंबर वाचवताना मान धोक्यात.

एमआरआय. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय केला गेला. त्यातल्या ५२ टक्के लोकांना किमान एका चकतीला फुगवटा होता. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची, एकूण ३,११० वेदनामुक्त माणसांची मोजदाद झाली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली, ऐंशीच्या घरात ती ९६ टक्क्यांवर गेली. चाळिशीत फुगवटा निम्म्या लोकांना. हे सगळे न दुखणारे लोक, बरं का. केस पांढरे होणं जसं, तशी ही चकतीची झीज. तेव्हा ‘चकतीला फुगवटा’ ही ओळ वाचून घाबरू नका. एमआरआय कधी लागतो ते पुढे सांगतो. पण रविवारी न दुखणारी आणि सोमवारी गाडीनंतर दुखणारी कंबर हा एमआरआयआधी सीटला विचारायचा प्रश्न आहे.

‘डॉक्टर, याला पुरावा आहे का?’

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

स्वीडनमधल्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजले. उभं असताना दाब १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर तो सुमारे १४० आणि बसून पुढे वाकल्यावर सुमारे १८५ भरला. पुढे तिथल्याच अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सीटची पाठ मागे कलवली आणि कंबरेला आधार दिला की चकतीवरचा दाब आणि पाठीच्या स्नायूंचं काम दोन्ही कमी होतं.

मग १९९९ साली जर्मनीत एका व्यक्तीच्या चकतीत पुन्हा मोजणी झाली. तिथे सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा फार वेगळा नव्हता, आणि खुर्चीत मागे रेलून घसरल्यावर तो आणखी कमी होता. म्हणजे ‘बसणं उभं राहण्यापेक्षा घातकच’ हे वाक्य जितक्या ठासून सांगितलं जातं तितकं पक्कं नाही. बसल्यानेच कंबरदुखी होते असं सिद्ध झालेलं नाही. मी तसा दावा करतही नाही.

पण दाब ही एकच गोष्ट नाही. बाक सपाट करून तासभर बसलं की मागचे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल पडतात आणि उठल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. त्यात गाडीचे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतो, आणि वाहनाचे हादरे याच टापूत येतात. खड्ड्यांचा अनुभव मी तुम्हाला सांगायला नको.

आणि एक साधा हिशेब करा. दुरुस्त केलेल्या आधाराने समजा फक्त थोडाच आराम मिळाला, तर तुमचं नुकसान काय? किरकोळ खर्च आणि अर्धा दिवस. त्याचा दुष्परिणाम नाही, त्याने ॲसिडिटी होत नाही, किडनीवर ताण येत नाही. रोज दोन वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेणाऱ्याला मात्र हे म्हणता येत नाही.

सीटची तपासणी: डॉक्टर करतो तशीच

आधी निदान, मग उपचार. क्रमाने जा.

१. हवा भरा आणि पाठ टेकून दहा मिनिटं बसा. आधार फुगला पण हळूहळू बसला, तर बारीक गळती आहे. अजिबात फुगलाच नाही, तर नळी निसटली आहे किंवा पिशवी मोठी फाटली आहे.

२. विजेचा पंप असेल तर कान द्या. आवाज येतो पण फुगत नाही, तर पंप जिवंत आहे, हवा वाटेत जाते आहे. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग जोडणी, मग मोटर. फुगतो पण हवा सुटत नाही, तर झडप अडकली आहे.

३. नळी मधेच चिमटीत घट्ट दाबून धरा. पिशवीकडचा फुगवटा टिकला तर पिशवी चांगली, दोष फुग्यात किंवा झडपेत. नळी दाबूनही हवा जाते, तर दोष पिशवीत. या एका चाचणीने निम्मं काम होतं.

४. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की जागा सापडली. सायकलचं पंक्चर काढणारा हेच करतो.

बहुतेकदा दोष नळीत किंवा जोडात असतो. आपली हवा खारट आणि दमट, गाडी उन्हात उभी. रबर आणि प्लास्टिक कडक होतं, चिरतं, तोंडावर सैल पडतं. टोकाची चिरलेली अर्धा-एक इंच नळी कापून पुन्हा बसवली तरी काम भागतं. सगळी नळी बदलणं त्याहून चांगलं. हाताचा फुगा खराब असेल तर नळीचा व्यास मोजून घ्या. बीपीच्या यंत्राचा फुगा झडपेसकट मेडिकलच्या दुकानात सुटा मिळतो आणि व्यास जुळला तर तो चालतो.

पिशवी फाटली असेल तर ती कशाची आहे ते आधी बघा. रबराची असेल तर पंक्चरचा साधा तुकडा आणि सोल्युशन पुरे. प्लास्टिकची असेल तर ते सोल्युशन काही दिवसांत सुटतं. हवेच्या गाद्यांना लावतात तसला प्लास्टिकचा तुकडा आणि त्याचाच गोंद लागतो. शिवणच उसवली असेल तर डागडुजीत वेळ घालवू नका, पिशवी बदला.

हे काम कोण करणार? कंपनीचं सर्व्हिस सेंटर अनेकदा ‘हा भाग वेगळा येत नाही, पूर्ण सीटची पाठ घ्या’ असं म्हणतं. तो आकडा ऐकूनच लोक नाद सोडतात. पण सीट उघडून, कव्हर न फाडता परत चढवणारे कुशनचे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडे जाताना मागणी स्पष्ट सांगा: ‘फोम भरायचा नाही, पिशवीची गळती काढायची आहे.’ नाहीतर ते पिशवी काढून ठेवतात आणि त्या जागी कडक फोमचा तुकडा शिवून देतात. पहिले दोन दिवस छान वाटतं. मग तो ठोकळा एकाच मणक्यावर दाबत राहतो आणि तो कमी करायला बटण नसतं.

हे मात्र करू नका

सीटच्या पाठीच्या कडेला एअरबॅग असलेली गाडी स्वतः उघडू नका. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अशा सीट येऊ लागल्या. कव्हरवर एअरबॅगची खूण किंवा सीटखाली पिवळ्या रंगाची जोडणी दिसली, तर ते काम जाणकाराचंच. बॅटरी सोडून, ठरलेली वेळ थांबूनच सीटला हात लावायचा असतो. अशा सीटवर कडेने बंद शिवलेलं जाड कव्हर चढवणंही धोक्याचं, कारण एअरबॅगची वाट अडते.

सीट काढली तर तिचे बोल्ट परत नीट आवळले गेले का, हे स्वतः उभं राहून बघा. कंबर सुधारली आणि ब्रेक मारल्यावर सीटच सरकली, असं व्हायला नको.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पिशवीत हवा भरू नका. ती अगदी कमी दाबाची पिशवी आहे, फाटेल. टायरचं सीलंट आत ओतू नका, झडपा कायमच्या चिकटतील.

दुरुस्त झाल्यावर वापरायचा कसा?

फुगवटा जास्त म्हणजे चांगला असं नाही. आधी हवा पूर्ण सोडा. पार्श्वभाग सीटच्या कोपऱ्यात मागेपर्यंत टेकवा. पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे कलवा. मग हळूहळू हवा भरा आणि कंबरेमागची पोकळी भरल्यासारखी वाटली की थांबा. फुगवटा ‘टोचतो’ असं वाटलं तर तो जास्त आहे. अर्ध्या तासाने थोडी कमी करा, पुन्हा थोडी भरा.

तासा-दीड तासाने पाच मिनिटं उतरून चाला. हा भाग गाळून बाकी सगळं केलंत तर फायदा अर्धाच. आणि लांबच्या प्रवासानंतर उतरल्या उतरल्या डिकीतून गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाची गोण उचलू नका. ताणलेल्या अस्थिबंधांना सावरायला थोडा वेळ द्या, आधी दहा-पंधरा मिनिटं चाला.

या लक्षणांना सीट जबाबदार नाही, डॉक्टर गाठा

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, जांघांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं: यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, बरेच दिवस चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या: यातलं काही असेल तर तपासणी लांबवू नका. आपल्या भागात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. एमआरआय हवा तो इथे, आणि इथे तो वेळेवर हवा. नळीची दुरुस्ती इथे उपाय नाही.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांची कंबर फक्त गाडीनंतर धरते त्यांनी, आज संध्याकाळी गाडीत बसून ते न वापरलेलं बटण दाबून बघावं. घूं घूं आवाज येऊन काहीच फुगलं नाही, तर उद्या पट्ट्याच्या दुकानात जाण्याआधी कुशनवाल्याकडे जा. माझ्याकडे आलात तर मी तुम्हाला जरूर तपासेन. पण दुसरा प्रश्न सीटचाच विचारेन, तेव्हा उत्तर घेऊन या.